फ्लॅश कपाळावरून खाली उतरवा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेवराई तालुक्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. २००३ सालच्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या भागात दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि मागे राहतात ती म्हातारी माणसं. शाळेच्या शेजारच्या घरातला एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, निघायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो काढा. आईचा एकही फोटो नाही घरात."

माझ्याकडे तेव्हा यॅशिका एमएफ-टू होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. फ्लॅश कॅमेऱ्यातच बसवलेला, पेन्सिल सेल टाकायचे, कीऽऽऽ असा बारीक आवाज व्हायचा आणि दिवा पेटला की खटका दाबायचा. रात्रीची वेळ होती. ओसरीत कंदील लावलेला, आजीबाई मधोमध, भोवती लेक-सुना-नातवंडं. मी खटका दाबला.

चार दिवसांनी गेवराईहून फोटो धुऊन आणला. आजीबाईंनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मला विचारलं, "गुर्जी, ही कोण म्हणायची? पिठात बुडवून काढल्यावानी दिसतीय."

मंडळी, त्या खोटं बोलत नव्हत्या. फोटोत सगळे होते, पण चेहरे पांढरेफटक. कपाळावर तेलकट चमक, धाकट्या नातीचे डोळे लालभडक, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली चिकटलेली. आणि कंदील? कंदील होता, पण विझल्यासारखा. त्याचा उजेड कुठेच नव्हता. ज्या उजेडात ती म्हातारी त्या घरात उभा जन्म वावरली होती, तो मी एका खटक्यात पुसून टाकला होता.

फ्लॅश म्हणजे अंधार घालवायचं यंत्र, अशी माझी समजूत होती. पुढचं वर्षभर मी ती विसरायचं काम केलं. त्या वर्षात जे हाती लागलं ते आज सांगतो. माझा काही स्टुडिओ नाही. हौसेखातर फोटो काढणारा माणूस आहे, त्यामुळे चुका भरपूर केल्या आहेत.

आधी बिघडतं कुठे ते बघू. दिवसाचा उजेड वरून येतो, खिडकीचा बाजूने येतो, चुलीचा खालून येतो. आपल्या डोळ्यांतून बाहेर उजेड पडतो असं कधी होत नाही. पण कॅमेऱ्याच्या कपाळावर बसलेला फ्लॅश नेमकं तेच करतो. जिथून बघायचं तिथूनच उजेड मारायचा. मग नाकाची सावली नाही, गालाचा उभार नाही, सुरकुती नाही. चेहरा चपटा होतो. भिंगाला खेटून निघालेला उजेड डोळ्यांच्या बाहुलीतून आत जातो, आतल्या पडद्यावरून तसाच परत येतो आणि डोळे लाल दिसतात.

दुसरं दुखणं अंतराचं. लग्नातल्या पंगतीचा फोटो आठवा. पंगतीच्या टोकाला उभं राहून फ्लॅश मारला की पहिला माणूस चुन्यात घोळल्यासारखा दिसतो, चौथा बरा दिसतो आणि दहाव्याच्या ताटात काय वाढलंय ते देवाला ठाऊक. याचं कारण साधं आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. एक मीटरवर बसलेल्याला जितका उजेड मिळतो, त्याचा सोळावा भाग चार मीटरवरच्याला मिळतो. पंक्तिप्रपंच म्हणतात तो हाच! उपाय एवढाच, की टोकाला उभं न राहता पंगतीच्या समोर, मधोमध उभं राहायचं. सगळे साधारण सारख्या अंतरावर येतात.

तेव्हा आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. संध्याकाळी वीज गेली की तास न् तास यायची नाही. एका रात्री पत्नी कंदील घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. कंदील हातात, कमरेच्या थोडा वर, एका बाजूला. तिचा अर्धा चेहरा सोनेरी, अर्धा अंधारात, आणि मागच्या भिंतीवर केवढी तरी मोठी सावली. मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, कंदील समोर धर. चेहरा सपाट झाला. बाजूला धर. पुन्हा उठाव आला. वर धर, खाली धर. ती वैतागली, पण माझा धडा झाला. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्यायचा, कंदिलासारखा.

एमएफ-टूचा फ्लॅश काही निघत नव्हता. मग औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊन एक जुना पेंटॅक्स के-वनथाउजंड घेतला, एक स्वस्तातला सुटा फ्लॅश घेतला आणि हातभर लांबीची सिंक कॉर्ड. कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी ही वायर. आता वायरही लागत नाही, रेडिओवर चालणारे ट्रिगर मिळतात. पण त्या वायरीने मला जे शिकवलं ते पुढे कुठल्याच महागड्या वस्तूने शिकवलं नाही. डावा हात लांब करून फ्लॅश वर आणि बाजूला धरला, की सावली भिंतीवरून सरकून खांद्यामागे जाते आणि नाकाला नाक असल्याचं कळतं.

तरी उजेड कडकच. फ्लॅशचं तोंड दोन बोटांएवढं, म्हणून सावलीची कड सुरीसारखी. उजेड मऊ करायचा तर तो मोठ्या जागेवरून यायला हवा. पुस्तकात लिहिलेलं असतं, फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवा, तिथून परतलेला उजेड वापरा. आता आमच्याकडची घरं आठवा. माळवदाचं घर असेल तर वर सागाच्या तुळया, त्याही पन्नास वर्षांच्या धुराने काळ्या. तिथे फेकलेला उजेड परत येतच नाही. पत्र्याचं घर असेल तर पन्हळीवरून उजेडाचे पट्टे अंगावर पडतात. भिंतीवर फेकावा तर भिंत निळीची. एका नवरदेवाला मी असा निळा करून ठेवला होता की हळद लावली होती की नीळ, असा प्रश्न पडावा.

शेवटी उपयोगाला आलं ते वडिलांचं धोतर. स्वच्छ, पांढरं, झिरझिरीत. दोरीवर किंवा उभ्या केलेल्या बाजेवर पसरायचं आणि त्याच्या मागून, तीन-चार फुटांवरून फ्लॅश मारायचा. धोतराचा पन्हा म्हणजे मोठी खिडकीच झाली. धोतर नसेल तर थर्माकोलचा मोठा पत्रा समोर धरायचा आणि फ्लॅश त्याच्यावर उलटा मारायचा. मात्र या सोंगात बराच उजेड वाटेत खर्च होतो, तेव्हा माणसाच्या जवळ जावं लागतं.

किती जवळ, त्याचाही हिशेब आहे. प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. माझ्या फ्लॅशचा होता २८, शंभर आयएसओला, मीटरमध्ये. माणूस साडेतीन मीटरवर असेल तर २८ ला साडेतीनने भागा, आले ८. भिंगाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ-आठवर ठेवायचं. धोतरातून मारायचा तर आणखी दोन-तीन पायऱ्या उघडायचं. आता कॅमेरा हा हिशेब स्वतः करतो, पण पाढे पाठ असलेला मुलगा आणि कॅल्क्युलेटरवाला मुलगा यांच्यात फरक असतोच. शिक्षकाची खोड आहे, सोडून द्या.

आता खरी किल्ली सांगतो. फ्लॅश पेटतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. शटर म्हणजे दार. दार साठाव्या भागापुरतं उघडं ठेवा नाहीतर पूर्ण सेकंदभर, फ्लॅशचा उजेड आत येऊन केव्हाच बसलेला असतो. तो जास्त-कमी होत नाही. पण कंदिलाचा, चुलीचा, मावळतीच्या आभाळाचा उजेड मुंगीच्या पावलाने येतो. दार जितका वेळ उघडं, तितका तो आत. म्हणजे एकाच फोटोत दोन उजेड असतात आणि दोघांच्या चाव्या वेगळ्या. शटरने फक्त घरातला उजेड सांभाळायचा, ॲपर्चरने आणि फ्लॅशच्या जोराने फ्लॅशचा. ॲपर्चर दोघांनाही लागू पडतं, म्हणून आधी ते ठरवून टाकायचं. हे कळलं त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आजीबाईंच्या फोटोत कंदील का विझला होता. त्या कॅमेऱ्याचं दार कंदील आत यायच्या आतच बंद झालं होतं.

दार पटकन उघडायची हौसही नडते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी शटर एकशेपंचविसाव्या भागावर ठेवलं. माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅशबरोबर साठाव्या भागापलीकडे जाता येत नव्हतं, कारण त्याहून वेगात शटरचे दोन पडदे एकामागून एक धावतात आणि पूर्ण फिल्म एका क्षणी उघडीच पडत नाही. समूहगीताचा फोटो आला तो अर्धा काळा. निम्मी मुलं गायबच! मी फोटो धुणाऱ्याशी तावातावाने भांडून आलो. नंतर पुस्तिका वाचली आणि निमूटपणे जाऊन त्याला चहा पाजला.

दोन उजेडांचा खेळ मला सापडला तो गोंधळात. लग्नानंतरचा गोंधळ, अंगणात चौक मांडलेला, संबळ तापलेलं, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला गोंधळी हातात दिवटी घेऊन गिरक्या घेतोय. साधा फ्लॅश मारला तर गोंधळी सरळ उभा पुतळा आणि दिवटी म्हणजे नुसतं लाकूड. फ्लॅश न मारता लांब शटर दिलं तर आगीची सुंदर रेघ येते, पण माणूस धुरासारखा. मी कॅमेरा तिपाईवर ठेवला, चारशेची फिल्म, शटर एक सेकंद. फ्लॅशवर रुमालाच्या चार घड्या, त्यावर मांडवात लावतात तो पिवळा जिलेटिन कागद. हा कागद महत्त्वाचा. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो, दिवटीचा तांबूस. दोघे शेजारी आले की फ्लॅश परका दिसतो. पिवळा कागद लावला की तो घरातला होतो.

पहिल्या फोटोत एक गंमत झाली. खटका दाबताच फ्लॅश पेटला, मग दिवटी फिरली. त्यामुळे आगीची रेघ गोंधळ्याच्या पुढे आली, जणू तो उलटा चालतोय. रेघ मागे हवी तर फ्लॅश शेवटी पेटला पाहिजे. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय असते, रिअर कर्टन सिंक म्हणतात. माझ्याकडे नव्हती. मी वायर काढून टाकली, उजव्या हाताने शटर दाबलं, मनात एक सेकंद मोजला आणि तो संपता संपता डाव्या हाताने फ्लॅशचं बटण दाबलं. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये दोन साधले. त्यातल्या एकात गोंधळ्याचा चेहरा स्वच्छ आहे, घामाचा थेंब दिसतो आणि दिवटी त्याच्या मागून अर्धा चंद्र काढत आली आहे. तो फोटो मी त्यांना दिला. त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला, त्यामुळे पुढे मला तो चांगला असल्याचं कुणी सांगायची गरज उरली नाही.

फ्लॅश फक्त रात्रीच लागतो असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत भर दुपारी शेतात जा. डोक्यावर ऊन, पदर पुढे ओढलेला, चेहऱ्याच्या जागी काळोख आणि हातातला कापूस डोळे दिपवणारा. अशा वेळी दीड मीटरच्या आत जाऊन हलका फ्लॅश द्यायचा, उन्हापेक्षा कमी. डोळे उघडतात, पण ऊन उन्हासारखंच राहतं. फोटो बघणाऱ्याला फ्लॅश वापरल्याचं कळलं तर समजायचं जास्त झाला.

मुलांना मात्र सगळ्यात आवडला तो दुधाच्या थेंबाचा खेळ. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन नावाच्या प्राध्यापकांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरून बंदुकीची गोळी आणि दुधाचा थेंब हवेत थांबवले. १९५७ सालचा त्यांचा दुधाच्या मुकुटाचा फोटो जगभर गाजला. आम्ही दवाखान्यातून सलाइनची नवी नळी आणली. तिच्या चाकाने थेंब हवा तितका सावकाश पडतो. खाली काळी थाळी, तिच्यात दुधाचा पातळ थर. खोलीत मिट्ट काळोख; तो पुरवायला वीज मंडळ समर्थ होतं. शटर उघडं ठेवायचं, थेंबाचा टप असा आवाज आला की फ्लॅश. फ्लॅश ऑटोवर ठेवून अगदी जवळ धरला की तो आणखी कमी वेळ पेटतो आणि थेंब जागीच गोठतो. मुलांनी तीन संध्याकाळी दूध सांडलं. मुकुट एकदाच आला, तोही वाकडा. पण सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे हे रोज होतं, फक्त आपल्याला दिसत नाही?"

एवढ्यात मोबाइलवाल्यांनी कंटाळून रेडिओ बंद केला नसेल तर त्यांच्यासाठी. मोबाइलमधला फ्लॅश म्हणजे खरं तर लहानशी बॅटरी. तो बंद ठेवा. शेजाऱ्याच्या मोबाइलची बॅटरी पेटवा, तिच्यावर पांढरा रुमाल धरा आणि शेजाऱ्याला बाजूला उभं करा. झाला तुमचा स्टुडिओ. आणि कुणाकडे फार जुना फ्लॅश पडून असेल तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या खटक्यात इतका दाब असतो की कॅमेऱ्याचं आतलं सर्किट जळतं. तो उघडून बघायचा तर विचारच नको. सेल काढल्यावरही आतला कपॅसिटर चांगला झटका देतो.

हे सगळं आपण हौस म्हणून करतो. पण याच युक्त्या मनापासून वापरल्या की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. शंभरेक वर्षांपूर्वी उत्तरेतल्या जंगलात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे वन अधिकारी वाघाच्या वाटेवर तार बांधून ठेवायचे. वाघाचा पाय लागला की मॅग्नेशियमचा भडका उडायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. त्यांचं पुस्तक १९२७ साली आलं. त्या काळी रानातला वाघ रात्री फोटोत येणं हेच मोठं होतं. आता २०१६ सालाकडे या. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी गटाचं बक्षीस मुंबईच्या नयन खानोलकर यांना मिळालं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत, आदिवासी वस्तीतल्या अरुंद बोळातून रात्री निघालेला बिबट्या. यंत्र तेच, पुढून कुणी गेलं की आपोआप खटका पडणारं. पण खानोलकरांनी फ्लॅश असे लावले, की त्या बोळात रोज जसा उजेड असतो तसाच तो वाटावा. कॅमेराही असा ठेवला, की बिबट्याने चित्र अडवून बसू नये, घरंही दिसावीत. त्याला चार महिने लागले. तो फोटो मिळवून जरूर बघा. बिबट्या आपल्याच गल्लीतून घरी चाललाय असं वाटतं. समोरून फ्लॅश मारला असता तर चमकत्या डोळ्यांचं एक भयंकर जनावर वस्तीत शिरलेलं दिसलं असतं. बिबट्या तोच, गल्ली तीच.

जिथे फ्लॅश मारायचाच नाही अशाही जागा आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांत तो वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकात तिथली चित्रं आतल्या अपुऱ्या उजेडातच, शटर बराच वेळ उघडं ठेवून टिपली, आणि रंग असे आले की पाहणारे चकित झाले. गाभाऱ्यात समईसमोर, घरट्यातल्या घुबडासमोर, प्रेताजवळ बसलेल्या बाईसमोर माझं बोट आपोआप मागे येतं. राक्षसभुवनला गोदावरीच्या घाटावर मी रात्री शटर उघडं ठेवून, हातात फ्लॅश घेऊन पायऱ्यापायऱ्यांवर हिंडत दगड उजळवले आहेत. पण तिथे कुणी स्नानाला किंवा पिंडदानाला आलेलं असेल तर सामान आवरून मुकाट घरी येतो.

तर, वर्ष उलटलं. २००४ ची दिवाळी झाली. तेच घर, तीच ओसरी. उद्या पहाटे ट्रॅक्टर निघणार होता. बोचकी बांधून ठेवलेली, कोयते पोत्यात गुंडाळलेले. मी म्हटलं, आजी, मागचा हिशेब राहिलाय. त्या म्हणाल्या, "पुन्हा पीठ लावता का काय?"

मी बाज उभी केली, धोतर पसरलं. सगळे हसायला लागले, ते बरंच झालं. कंदील आजीबाईंच्या शेजारी, होता तिथेच ठेवला. शटर पाव सेकंद. धोतरामागून फ्लॅश, पिवळा कागद लावून, अगदी मंद. सगळ्यांना श्वास रोखायला सांगितला. धाकटी नात हलली. ती फोटोत थोडी पुसट आली आहे.

फोटो धुऊन आला तेव्हा घर रिकामं झालं होतं. एक प्रत मी मुकादमाबरोबर कारखान्यावर पाठवली, दुसरी घेऊन ओसरीत गेलो. आजीबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. लेकाच्या तोंडावरून बोट फिरवलं, सुनांच्या, नातवंडांच्या. स्वतःपाशी आल्यावर जरा थांबल्या. मग बोट शेजारी सरकलं.

"कंदील बी आलाय की, गुर्जी," त्या म्हणाल्या.